चौकटीवरची खाच

८ डिसेंबर

ही डायरी पतसंस्थेने मागच्या वर्षी फुकट दिलेली. कोरीच राहिली, म्हणून आता वापरायला काढली. वार चुकीचे छापलेले आहेत, ते खोडत जाईन. लिहायला लावलं आरतीने. आरती म्हणजे आमची मुलगी, नगरला असते. तिने तिचा जुना कॉम्प्युटर माझ्या स्टुडिओत आणून बसवला आणि वर सांगितलं, "बाबा, काय दाबलं की काय होतं ते रोज लिहून ठेवा, तुम्ही विसरता." मी विसरत नाही. मला कुणी शिकवलेलं आवडत नाही, एवढंच.

तर शिकलो ते असं. माणसाला हिरव्या कापडासमोर उभं करायचं, फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर हिरवं उडवायचं आणि माणूस उचलून पाहिजे तिथे नेऊन ठेवायचा. काश्मीर, ताजमहाल, विमानतळ, काहीही. खर्ड्यात माझा स्टुडिओ छत्तीस वर्षं आहे. पडदे मी स्वतः रंगवलेले. तळं, तळ्यात राजहंस, काठावर संगमरवरी पायऱ्या. त्या पायऱ्यांसमोर या भागातली किती लग्नं उभी राहिली त्याला हिशेब नाही. आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे आणि राजहंसावर धूळ बसली आहे.

लंका, म्हणजे आमची मंडळी, हिरवं कापड बघून म्हणाली, "जन्मभर पडदं रंगवलं, आन शेवटी हे नुस्तं फडकं?" सकाळीच हिरव्याबरोबर हेडमास्तरांचा डावा कान उडाला होता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

१५ डिसेंबर

जमलं. किराणावाले गहिनीनाथ शेठ विमानासमोर उभे केले. आधी ते हवेत तरंगल्यासारखे दिसत होते. तासभर बघितलं तेव्हा कळलं, पायाखाली सावली नाही. मग पडदे रंगवायचा हात कामी आला. ऊन कुठून येतंय ते बघून सावली काढली, आणि शेठ जमिनीवर टेकले. ही सावलीची गोष्ट आरतीलासुद्धा माहीत नव्हती. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "भारी, बाबा." हल्ली ती रोज फोन करते, कॉम्प्युटर नीट चालतोय का विचारायला. एवढी काळजी आहे तर दिला कशाला, कळत नाही.

शेठ खूश. विमानाच्या शिडीवर ठेवता आलं असतं का, म्हणाले. पुढच्या वेळी बघू.

२१ डिसेंबर

आज रंगुबाई आल्या, नातीचा हात धरून. नात म्हणजे सृष्टी, सातवीत आहे. बारा वर्षांची पोर, पण चेहरा सासुरवाशिणीसारखा पडलेला.

रंगुबाईंचा मुलगा अजिनाथ आणि सून पंकजा दसरा झाला की ऊसतोडीला जातात. यंदा कोपरगावकडे आहेत. आजपर्यंत पोरगी त्यांच्याबरोबर जायची, सहा महिने शाळा बुडायची. यंदा पहिल्यांदाच तिला आजीजवळ ठेवलं, शाळेसाठी. तर तिने बोलणंच टाकलं. आई फोन करते, ही फोन कानाला लावते आणि गप्प उभी राहते.

"तीन दिस शाळंत न्हाई गेली, भाऊ," रंगुबाई म्हणाल्या. "पंकजा रडती तिकडं. आजिनाथ म्हनतो, संक्रांतीपतूर बघतो, न्हाईतर घिऊन जातो पोरीला. एकदा गेली का शाळा सुटली म्हनून समजा. लई हुशार हाय हो."

पंकजाने सासूला सांगितलं आहे की चौघांचा एक फोटो करून घ्या, आपल्या घराच्या दारात. पोरीच्या डोळ्यांसमोर राहील, म्हणजे जीव रमेल. पंकजाने मोबाईलवर काढलेला फोटोही पाठवला होता, पण भर दुपारी काढलेला, नाकाखाली मिशीसारखी सावली. त्याचं काही करता येत नाही.

मी म्हणालो, मी स्वतः जाऊन काढतो. नाहीतरी लंकाचं शिर्डीला जायचं चाललंच आहे, तिथून कोपरगाव हाकेच्या अंतरावर. रंगुबाईंनी हात जोडले. पोरगी राजहंसाकडे बघत होती.

२७ डिसेंबर

शिर्डीचं दर्शन करून काल दुपारी कोपरगाव. लंकाही आली. कालव्याच्या कडेला टोळी उतरली आहे, उसाच्या पाचटाच्या वीस-पंचवीस झोपड्या, त्यांना कोप्या म्हणतात. गाडी भरून नवरा-बायको चारच्या सुमारास आले. पंकजाने तोंड धुतलं, पत्र्याच्या पेटीतून लग्नातलं लुगडं काढलं. अजिनाथने टोपी घातली. मी दोन बैलगाड्यांच्या मध्ये दोरी बांधून हिरवं कापड सोडलं. सगळी टोळी बघायला गोळा झाली.

मी पंकजाला म्हणालो, पोरीच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा धर, नंतर मी तिला तुझ्या हाताखाली आणतो. तिने हात धरला, "इथवर येती माज्या," म्हणाली. पण हात थरथरायला लागला. दिवसभर कोयता चालवलेला हात, अधांतरी किती वेळ राहणार? तेव्हा अजिनाथने एक ऊस आणला, बायकोच्या तळव्याखाली उभा धरला आणि एका घावात बरोबर तेवढा तोडला. पंकजाने उसावर हात टेकला. हात एकदम स्थिर झाला, आणि चेहराही असा काही बदलला की मी सात-आठ फोटो काढले, एक पुरला असता तरी.

तो ऊस मी मापाला बरोबर घेतला. एस.टी.त लंका म्हणाली, "शिर्डीहून लोक परसाद आनत्यात, तुमी उसाचं टिपरू आना."

२९ डिसेंबर

सकाळी रंगुबाईंच्या घरी जाऊन दाराचा फोटो काढला. दगडमातीचं घर, ठेंगणं दार, सागाची चौकट. सृष्टी चौकटीला पाठ लावून, डोक्यावर आडवा हात ठेवून उभी होती. मी म्हणालो, बाजूला हो, मला दार मोकळं पाहिजे. झाली. चौकटीवर कुणीतरी कोयत्याने खाच पाडली आहे. लोकांना चांगल्या लाकडाची किंमत नाही. कॉम्प्युटरवर पुसून टाकीन म्हटलं, मग वाटलं, राहू दे, जुनं घर जुनं दिसावं.

मग दोघींना स्टुडिओत नेलं. रंगुबाई खुर्चीवर छान बसल्या. सृष्टीला उसाशेजारी उभं केलं तर ती दोन बोटं वर. मी म्हणालो, टाचा उचलू नको. म्हणाली, "टेकल्यात." या महिन्यात माझ्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द. मी वाद घातला नाही. आईचा हात खोटं थोडाच सांगणार? कॉम्प्युटरवर दोन बोटं लहान करायला दोन सेकंद लागतात.

निघताना तिने ऊस मागितला. काम झालं होतं म्हणून दिला. तीन दिवसांचा सुकलेला होता, गोड लागणार नाही असंही सांगितलं. तिने खाल्ला नाही, घरी घेऊन गेली. पोरांचं काही कळत नाही.

३१ डिसेंबर

शाळा सुटल्यावर सृष्टी स्टुडिओत येऊन बसते. आज शाळेत गेली होती म्हणजे बरं आहे. बहुतेक पंख्याला येत असावी, पण थंडीत पंखा बंद आहे. स्क्रीनवर तिचे आईबाप होते. तिने विचारलं, "आबा, ह्या हिरव्या कापडामागं काय हुतं?"

"काही नाही. कोप्या."

"आमची कंची? चूल दारात हुती का आत?"

मी म्हणालो, मी फोटो काढायला गेलो होतो, चुली मोजायला नाही. मग तिने त्या मोकळ्या हिरव्याकडे बराच वेळ बघितलं. तिला सांगितलं, तुला पाहिजे तर मागे काश्मीर लावतो. नको म्हणाली.

३ जानेवारी

फोटो पुरा झाला. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, उगाच कशाला लाजू. रंगुबाई उंबऱ्याशी बसलेल्या, अजिनाथ मागे, पंकजा पुढे, आणि चौकटीला टेकून सृष्टी, डोक्यावर आईचा हात. ऊस उडवला आहे, शोधून सापडणार नाही. एकच अडचण होती, दार फार बुटकं, अजिनाथची टोपी वरच्या लाकडाला लागायला आली. म्हणून दार जरा मोठं केलं. गरीब माणसाला फोटोत तरी वाकून आत जायला लागू नये.

अजिनाथच्या मोबाईलवर पाठवला. मोठा फोटो फ्रेम करून रंगुबाईंना दिला. त्यांनी सुनेच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. सृष्टीने नाक लावून चौकटीजवळचा भाग बघितला आणि काही न बोलता बाहेर गेली. एवढा प्रवास, एवढे दिवस, आणि एक शब्द नाही. मला वाईट वाटलं. लंकाला सांगितलं तर म्हणाली, "तुमाला शाबासकी द्यायची का तिनं?" द्यायला काय हरकत होती?

५ जानेवारी

होत्याचं नव्हतं झालं. सकाळी रंगुबाई धापा टाकत आल्या. अजिनाथचा फोन आला होता. पोरगी खंगली, तुमी तिला खायला घालत न्हाई का, असं आईला बोलला. उद्याच्या गाडीने येतो आणि तिला घेऊन जातो म्हणाला. पंकजा फोटो बघितल्यापासून जेवलेली नाही.

मला काही कळेना. मग रंगुबाईंनी सांगितलं. ती खाच अजिनाथने पाडलेली. दसऱ्याला कोयत्यांची पूजा झाली, निघायच्या आधी त्याने पोरीला चौकटीला उभं केलं, डोक्याबरोबर खाच पाडली आणि म्हणाला, आमी यीस्तवर हिच्या वर जायचं. आणि माझ्या फोटोत पोरगी खाचेच्या चार बोटं खाली.

मी स्टुडिओतल्या खुर्चीवर बसून राहिलो. पोरीला लहान केलं मी. दार मोठं केलं मी, त्याबरोबर खाच वर सरकली. दोन्ही चांगलं दिसावं म्हणून. आईबाप बाकी काही बघत नव्हते, खाच बघत होते. छत्तीस वर्षं लोकांचे चेहरे बघतोय, आणि माझी नजर चुकत नाही असं लोकांना सांगतोय. आज स्वतःची लाज वाटली.

रंगुबाईंबरोबर घरी गेलो. सृष्टी शाळेत न जाता घरातच होती. दप्तराशेजारी तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधलेलं. चौकटीला तो ऊस टेकवून ठेवलेला, पार वाळलेला, आणि त्याचं वरचं टोक बरोबर खाचेला लागलेलं. मी तिला म्हणालो, बाळ, चूक माझी आहे, मी सांगतो तुझ्या बापाला. रंगुबाईंनी फोन लावून मोठ्या आवाजावर टाकला. मी सांगायला लागलो की फोटोत मी माप बदललं, पण अजिनाथ ऐकेना.

"आण्णा, तुमी मोठी मानसं, माज्या आईला पाठीशी घालताय. आमाला दिसतंय की. पोरगी वाळून गेली."

तेवढ्यात सृष्टीने माझ्या हातातून फोन ओढला. "मी वाळले न्हाई," म्हणाली. "आबांनी खोटं केलंय. मी खाचेच्या वर हाय. दोन बोटं."

पलीकडून पंकजाचा आवाज आला, बारीक. "दोन बोटं कुनाची? माजी का तुजी?"

सृष्टीने आपल्या हाताकडे बघितलं. "माजी."

"मग माजी दीड भरत्याल."

"व्हय. आन तुजा हात बी खालीच हाय फोटूत. मी तिथं न्हाई आता."

पंकजा हसली की रडली, फोनवर सांगता येत नाही. मग म्हणाली, "आमी तुला इचारलं न्हाई ठिवताना. ते चुकलंच. आता इचारती. उंद्या बाप यीऊ दे का न्यायला?"

पोरगी चौकटीशी गेली, उसावर हात ठेवून उभी राहिली. रंगुबाई पदर तोंडाला लावून बसलेल्या. मग सृष्टी म्हणाली, "नको. परीक्षा हाय. पन रोज फोन करायचा, आन चूल कुठं मांडली ते सांगायचं."

पुढे त्या दोघी खूप बोलल्या. मी ओसरीवर जाऊन बसलो. तीन महिने गप्प असलेली पोर एकदम का बोलली, मला नीटसं कळलं नाही. बहुतेक माझ्यावरच्या रागाने. तसं असेल तर माझी चूक कुठेतरी उपयोगी पडली.

७ जानेवारी

दोन दिवस नवीन फोटो करतोय. सृष्टी शेजारी बसून लक्ष ठेवते. दार आहे तेवढंच ठेवलं. अजिनाथची टोपी लाकडाला लागते, लागू दे. सृष्टीला खाचेच्या दोन बोटं वर आणलं, पट्टी लावून, नजरेने नाही. पण आता आईचा हात तिच्या कपाळावर यायला लागला, ताप बघितल्यासारखा. हात उचलायला गेलो तर खांदा वाकडा दिसायला लागला. आरतीला फोन केला, ती म्हणाली नवीन हात शोधून जोडा. दुसऱ्याचा हात कसा जोडायचा?

सृष्टी म्हणाली, "आबा, हात माज्या मागं न्हेता येतो का?"

येतो की. थर खालीवर करायचे, एवढंच. हात तिच्या डोक्यामागे गेला आणि मानेवर, वेणीपाशी, नाहीसा झाला. सृष्टीने जीभ चावून बघितलं आणि मान हलवली. सकाळपर्यंत न थांबता रात्रीच पाठवला, आणि रंगुबाईंच्या फ्रेममध्येही हाच घातला. पंकजाचा निरोप आला, "वेणी घट घालीत जा म्हनावं आजीला, हाताला सैल लागली." फोटोत हाताला वेणी सैल लागली म्हणे. मी हसलो, पण निरोप पोरीला तसाच सांगितला.

१४ जानेवारी

संक्रांत. कोपरगावहून कुणी न्यायला आलं नाही. सृष्टी तिळगूळ घेऊन आली आणि मला पहिला दिला, लंकाला नंतर, याची नोंद असावी. रोज फोनवर आईशी भांडते, असं रंगुबाई कौतुकाने सांगत होत्या.

टोळीत फोटो सगळ्यांनी बघितला म्हणे. अजून सात घरांनी सांगितलं आहे, आमची पोरं आणि म्हातारी तिकडे आहेत, आम्हालाही असा करून द्या. पुढच्या आठवड्यात परत कोपरगाव. आता मी प्रत्येक घरी आधी विचारतो, भिंतीवर, दारावर काय आहे आणि ते का आहे. राजहंसाच्या पडद्यावरची धूळ झटकली. तो लागत नाही कशाला, पण असू दे.

२१ मार्च

तिकडे कारखान्याचा पट्टा पडला, ऊस संपला. काल टोळी परत आली. आज सकाळी अजिनाथ स्वतः बोलवायला आला, "आण्णा, कॅमेरा घिऊन चला." मी हिरवं कापड नेलं नाही.

दारात चौघे उभे राहिले. पंकजाचा हात सवयीने जुन्या उंचीवर गेला आणि पोरीच्या कानशिलावर बसला. तिने हात काढला, पोरीकडे वर-खाली बघितलं आणि परत डोक्यावर ठेवला, कोपर उचलून. मग अजिनाथने कोयता आणला, सृष्टीला चौकटीला उभं केलं आणि नवी खाच पाडली. जुनीच्या तीन बोटं वर. कुणाची बोटं यावर मायलेकींचं पुन्हा सुरू झालं.

मी फोटो काढला. खरा, सगळे एकाच वेळी, एकाच उन्हात. अजिनाथचे डोळे नेमके मिटलेले. आता हा फ्रेम करू आणि जुना काढून टाकू, असं मी म्हणालो, तर सृष्टी म्हणाली, "जुना न्हाई काढायचा."

"अगं, पण तो जोडलेला आहे. तुम्ही कुणी एका जागी नव्हताच."

"म्हनूनच," ती म्हणाली. "नवी खाच पाडली म्हनून जुनी कुनी बुजवतं का?"

अजिनाथने खिळा जरा बाजूला ठोकला, नव्या फोटोला जागा ठेवून.

जुन्या फोटोसमोर चहा पिताना मला दिसलं. घाईत केलेला होता ना. आईबापाची सावली उजवीकडे पडली आहे आणि पोरीची डावीकडे. आईबापाची काढताना कोपरगावचं संध्याकाळचं ऊन धरलं, पोरीची काढताना दारावरचं सकाळचं. अडीच महिने भिंतीवर आहे, एकाच्याही लक्षात आलेलं नाही. सांगावं का, असा विचार आला. पंकजा माझ्या बशीत अजून चहा ओतत होती. मी चहा घेतला आणि घरी आलो. आरतीचा फोन यायच्या आत आज मीच केला. आईला उंचीला कुठवर लागतेस ग तू आता, विचारलं. म्हणाली, बाबा, मी चौतीस वर्षांची आहे. म्हटलं, तरी ये एकदा, बघू.